चौकटीत बसणारा दांडा

हार्डवेअरच्या दुकानात रिषभने काउंटरवर ठेवलेला व्यायामाचा काळा बार रोहिणीने उचलून पाहिला आणि परत खाली ठेवला.

“हाऊ दारना वरच बसस ना?”

“हा, ताई. गणेशपट्टीवर आकडा टाकाना, झायं. खिळा नई, स्क्रू नई. व्यायामवाला पोरं हाऊच लई जातस.”

“माले खाले लावाना जोयजे.”

रिषभला कळेना. रोहिणीने चाकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हात सरळ वर केले. “आठे. जठे मन्हा हात पुरस, तठे.”

तिचे वडील सुपडूआप्पा मागे उभे होते. दुकानाच्या तीन पायऱ्यांवरून त्यांनीच तिला उचलून वर आणलं होतं, मग खाली जाऊन खुर्ची आणली होती. चार वर्षांपूर्वी ती कपाशीच्या ट्रॉलीवरून पडली, तेव्हापासून तिचे पाय चालत नव्हते. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीवर, सगळं आप्पांच्या हातांवर. सोमवारी ती शहाद्याला कारकून म्हणून रुजू होणार होती. खोली ठरली होती. गावाकडची, रनाळ्याची कपाशी अर्धी वेचायची सोडून आप्पाही तिच्याबरोबर राहायला निघाले होते. आज नंदुरबारला ती बॅग घ्यायला येते आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

“कसाले व तुले हाई?” ते म्हणाले.

“तठे वर स्लॅब शे, आप्पा. दोरी बांधाले काहीच नई. दार मातर सगळीकडे ऱ्हास.”

“कसानी दोरी?”

रोहिणी बारकडे बघत राहिली. “मायनी बांधी दिन्ही व्हती, घरना सराले. तुम्ही वावरमा जात व्हतात तवय.”

आप्पांनी मान वर केली, जणू घराच्या छताचा तो लाकडी सर इथेच डोक्यावर होता.

रिषभने आतून दुसरा दांडा आणला. स्टीलचा, पिळला की लांब होणारा, दोन्ही टोकांना रबर. “हाऊ कितला भी खाले लागस. पन ताई, नुसता पिळीसन भरोसा नई. यान्या वाट्या चौकटीले स्क्रूवरी बसाडना पडतस. मंग काढा, लावा, कोठे भी लई जा.”

“मंग बसाडी दखाड.”

“आठे?”

“मी लटकल्याशिवाय कसं समजी, धरस का नई ते?”

रिषभने गोदामाच्या दाराकडे पाहिलं. सागाची चौकट. मागच्याच दिवाळीत त्याच्या आजोबांनी तिला पॉलिश करून घेतलं होतं. त्याने चौकटीवरून एकदा हात फिरवला. मग त्याने ड्रिल मशीनची वायर सोडवली.

लाकडाचा भुसा फरशीवर पडला. दोन्ही बाजूंच्या वाट्या पक्क्या झाल्या, दांडा त्यांत बसला. रोहिणीने खुर्ची दांड्याखाली आणली आणि ब्रेक लावला.

“पडशी ना,” आप्पा म्हणाले.

“पडनू ते तुम्ही शेतसच.”

तिने दांडा धरला. एकदा ओढून पाहिला. मग डोळे मिटले.

आधी फक्त खुर्ची करकरली. मग तिची कोपरं वाकू लागली आणि ती वर गेली. खुर्चीच्या पायपट्टीवरचे पाय घसरले, एक चप्पल खाली पडली. रिषभने दांड्याचं टोक हाताने दाबून धरलं होतं. त्याने हात कधी काढून घेतला ते त्यालाच कळलं नाही. दांडा हलला नव्हता. तिची हनुवटी दांड्याला लागली.

आप्पांचे दोन्ही हात सवयीने तिच्या बगलेखाली गेले होते. चार वर्षांत त्यांच्यासमोर ती जेव्हा जेव्हा वर उठली, या हातांवरच उठली. आज ती उठली, आणि हातांना काहीच वजन लागलं नाही.

ती खाली आली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली. रिषभ तोंडाने काही मोजत होता, पण आवाज निघत नव्हता.

चौथ्यांदा खाली आल्यावर ती धापा टाकत म्हणाली, “घर सात करस मी.”

“खाटवरथीन खुर्चीवर?” आप्पांनी विचारलं.

“जास. पंधरा दिन व्हई ग्यात.”

“मंग रोज माले कसाले उचलू दिन्हं?”

रोहिणीने तळहात मांडीवर पुसले. ते लाल झाले होते.

“सांगता उनं नई, आप्पा.”

रिषभ पडलेली चप्पल उचलायला वाकला आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

“तुम्ही शहादाले नका येऊ,” ती म्हणाली. “कपाशी येची ल्या.”

 आप्पांनी टोपी काढली, टोपीनेच तोंड पुसलं.

“आजून एकदाव जा वर,” ते म्हणाले.

“आते हात दुखतस.”

“एकदावच.”

तिने दांडा धरला. ती वर गेली. आप्पा तिच्या पाठीमागे, फरशीवर हळूच उकिडवे बसले. खुर्चीची गादी रिकामी होती. तिच्या आणि गादीच्या मधून पलीकडचं गोदाम, रंगाचे डबे, खिडकीतला उजेड, सगळं आरपार दिसत होतं.

“जराखी वरच ऱ्हाय,” ते म्हणाले. “माले देखू दे.”