विसावी ओळ
माणूस स्वतःला कोण समजतो, याचा अभ्यास करायला शर्वाणी पुण्याहून आली आणि सानगडीत रुखमाबाईंच्या घरी आठ दिवस राहिली. निघायच्या आदल्या दिवशी तिनं त्यांना एक कागद भरायला दिला. त्यावर ‘मी ____ आहे’ अशा वीस ओळी होत्या.

कागद परत आला, तर दर ओळीला अक्षर वेगळं! ‘मी तोंडाची तिखट आहे,’ हे सुनेचं. ‘मी भजनात बेसूर आहे,’ हे शेजारणीचं.

शर्वाणीनं कपाळाला हात लावला. “अहो, हे तुम्ही सांगायचं होतं!”

“आपलं आपनच सांगतलं त खोटंच होते ना पोरी!”

विसावी ओळ मात्र कोरी होती.

“ते तुयी. आता तू लिव, मी कोन आहो त.”

शर्वाणी भराभरा आपली वही चाळू लागली.

“वहीत कायले पाहून राहिली वो? मी इथं बसली आहो ना!”