मुळाले माती

रामाकोना गावच्या कवडूनं खुंटीवर सदरा टांगला तं खुंटीले पालवी फुटे, असा त्याचा हात. संत्र्याचं मूळ उघडं दिसलं की माती चढवल्याबिगर तो जेवाले बसत नसे. "मले कधी असं पांघरूण घातलं का?" म्हणून बायको टोमणा मारे.

त्याचा पोरगा अंकुर मात्र दूर समुद्राकाठी गेला. पाणी गावात शिरू नये म्हणून तिथं खाडीच्या चिखलात खारफुटीची झाडं लावे. तीन वर्षं त्यानं ती जगवली. मंग एक दिवस त्याच चिखलात रुतला, भरती आली, अन् गुदमरून गेला.

तेरवीपर्यंत कवडू तिथंच राहिला. सून दामिनी घरात पडून राहे. हा ओहोटी लागली की चिखलात उतरे. झाडांभोवती बोटाएवढी मुळं उघडी पडली होती. पोराची निशाणी म्हणून त्यानं एकेका झाडाले माती चढवली, चांगली दाबून दाबून. मंग घरी आला.

महिन्यानं दामिनीचा फोन आला. "मामाजी, ह्यायनं लावलेली झाडं वाळून रायली."

"कशी वाळतीन पोरी? म्या सारी मुळं झाकली नं!"

दामिनी रडाले लागली. "मामाजी, त्या उघड्या मुळायनंच श्वास घेतेत ती झाडं."