गुणाची पोट्टी

बाळ उठू नये म्हणून दुपारी मी रेकॉर्ड हेडफोनवरच ऐकायचे. यांनी नागपूरहून आमच्या बालाघाट गावी आणलेला तो महागडा हेडफोन कानांवर चढवला की घर नाहीसं व्हायचं. त्या दिवशी शेजारच्या जिजाबाईंनी खांदा हलवला तेव्हा दचकून हेडफोन काढला. अख्खं घर गाण्यानं दणाणत होतं. फळीवरच्या वाट्या थरथरत होत्या. स्पीकरचं बटण बंद करायला विसरले होते. "काहून वं बाई, बालाघाटभर गाणं वाजवून राह्यली? लेकरू उठन ना." दोघींनी पाळण्याकडे पाहिलं. स्पीकरपासून हातभर अंतरावर माझी पाच महिन्यांची लेक संथ श्वास घेत झोपली होती. "गुणाची पोट्टी आहे वं," जिजाबाई हसल्या. "कशानंच जागी होत नाही." मीही कौतुकानं सगळ्यांना हेच सांगायचे. बटणाकडे गेलेला माझा हात थांबला. पाळण्यावर वाकून मी तिला हाक मारली, मग आणखी मोठ्यानं.