हजेरीला पाचपैकी पाच

संचालकांनी वर्षाअखेरीस एकमेकांना गुण द्यायचे, अशी आमच्या कंपनीची पद्धत. यंदा घाईत मी मागच्या वर्षीचेच फॉर्म छापले. त्यात अध्यक्षांच्या धाकट्या भावाचं नाव राहिलं. ते वारून चार महिने झाले होते. भरलेले फॉर्म बघताना ते माझ्या लक्षात आलं. एकाही संचालकानं चूक दाखवली नव्हती. उलट हजेरीसाठी धाकट्यांना सगळ्यांनी डोळे झाकून पाचपैकी पाच दिले होते. मी धावतच अध्यक्षांकडे गेले. “साहेब, माफ करा, माझ्याकडून नाव काढायचं राहिलं.” “असू दे,” म्हणत त्यांनी आपला फॉर्म पुढे केला. धाकटे भर बैठकीत नको ते प्रश्न विचारायचे, म्हणून साहेब त्यांना वागणुकीसाठी दरवर्षी भोपळा द्यायचे. यंदाही सवयीनं भोपळाच काढला होता, मग खोडून पाच केले होते. खाली लिहिलं होतं, ‘तुझ्यामागे मला कोणी अडवत नाही.’