दुसरं व्हायोलिन हवंय

आठवा उमेदवार व्हायोलिन पेटीत घालून निघून गेला आणि विदोरने पुन्हा मान हलवली. नाही.

"छान तर वाजवत होता!" ओत्तीलिया चेलोवर हनुवटी टेकून म्हणाली. "तुला नक्की काय हवंय, इम्रेचं भूत?"

"इम्रे जिवंत आहे," व्हायोला पुसत कोर्नेल म्हणाला. "बालातोन तळ्यावर मासे पकडतोय."

"तेच म्हणतेय! तो मासे पकडतोय आणि आपण इथे माश्या मारतोय."

इम्रे म्हणजे त्यांच्या वाद्यचौकडीतलं दुसरं व्हायोलिन; पहिलं, म्हणजे पुढे नेणारं, विदोरचं. सव्वीस वर्षं तो विदोरच्या शेजारी बसला. मग खांदा गेला आणि त्याने वादन सोडलं. चौकडीत उरले तिघं. बुडापेस्टमधला हंगामाचा पहिला कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला होता. आज कुणी मिळालं नाही तर चौकडी मोडायची, हे तिघांनी सकाळीच ठरवलं होतं. ठरवताना कुणी कुणाकडे बघितलं नव्हतं.

नववी आली बोरोका. वय एकोणीस. पेच नावाच्या गावाहून पहिल्या गाडीने आलेली, हनुवटीवर अजून खारीचा चुरा.

"आधी तोंड पूस," ओत्तीलियाने दटावलं. "शेवटचा भाग वाजवायचाय, एकदम जलद. विदोर श्वास घेईल, त्या श्वासाबरोबर सुटायचं."

विदोरने श्वास घेतला. चौघंही सुटली. आणि काय वाजवत होती पोरगी! दोन पानं तर अशी गेली, की कोर्नेलने चक्क मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग पहिल्या व्हायोलिनची ती उंच चढण आली आणि धडाम! सगळं एकमेकांवर कोसळलं. तिघं हळू झाली होती. बोरोका झाली नव्हती.

"इथे हळू व्हायचं असतं?" तिने विचारलं. "कागदावर तर काहीच लिहिलेलं नाहीये, काका."

कोर्नेल आपल्या बुटांकडे बघायला लागला. विदोरची डावी करंगळी दोन वर्षांपासून त्या चढणीला पुरत नव्हती. तो तिथे जरासा रेंगाळायचा, आणि त्याच्यासाठी बाकीचेही रेंगाळायचे. इम्रेसुद्धा. आजचे आठही जण रेंगाळले होते. दोन वर्षांत याबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता.

"बाळा, शेजाऱ्याला सांभाळून घ्यायचं असतं," ओत्तीलिया हळूच म्हणाली.

"पण मावशी, हे सूर पळतायत ना! त्यांना धरून कशाला ठेवायचं?"

बोलून गेली आणि तिचे कान लालबुंद झाले.

विदोरने तिच्यासमोरचे कागद उचलले आणि आपले तिच्यासमोर ठेवले. "तू माझं वाजव. मी तुझं वाजवतो. बघू तरी, तुला ती चढण जमते का."

गेली बिचारी, असं कोर्नेलला वाटलं.

"श्वास कोण घेणार?" बोरोकाने विचारलं.

"पहिलं व्हायोलिन."

तिने श्वास घेतला.

या वेळी कुणी कुणाला सांभाळलं नाही. चढण आली तशी बोरोका पायऱ्या गाळत जिना चढावा तशी वर गेली, आणि बाकीचे तिच्या मागे धावले. कोर्नेल, जो टाळ्यांनाही हसत नाही, तो पाय आपटत होता. ओत्तीलियाचा अंबाडा सुटला. आणि विदोर! करंगळीची धास्ती गेली तसा त्याचा गज मोकळा झाला, खालून असा भरदार सूर लागला, की त्या खोलीने तो कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. शेवटच्या फटकाऱ्याला चार गज एकदम हवेत गेले. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "पुन्हा वाजवा!"

चौघंही धापा टाकत हसत होती.

ओत्तीलियाने डोळे पुसले. "बोल आता, विदोर. मिळालं का एकदाचं दुसरं व्हायोलिन?"

"मिळालं की," विदोर म्हणाला. "मी आहे ना!"