स्वयंपाकघर सोडून

सबनीसांच्या दारातच उल्काने पिशवी पुन्हा तपासली. ट्रायपॉड, अंतर मोजायचा लेसर, घराचा नकाशा, रंगीत पेन्सिली, सगळं होतं. मग तिने चाचणीच्या डब्यात बॅटरी घातली आणि आतले अप्पा जागे झाले. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते. आता ते आवाजाच्या रूपात वायफायवर घरभर राहणार होते, त्यांच्या मुलाने परदेशातून तसं ठरवलं होतं. कुठल्या खोलीत ते नीट पोचत नाहीत, एवढंच उल्काला मोजायचं होतं.

"अप्पा, ऐकू येतंय?" ती प्रत्येक खोलीत विचारायची.

"येतंय. चल पुढे," अप्पा म्हणायचे आणि ती नकाशावर हिरवा रंग भरायची. लोखंडी कपाटामागे त्यांचा आवाज चिरकला, तिथे तिने पिवळा भरला.

स्वयंपाकघराच्या दारात अप्पांच्या पत्नी, शरयूकाकू, आडव्या आल्या. त्यांनी पदराने डबा दाबून धरला.

"इथे नको गं," त्या कुजबुजल्या. "चाळीस वर्षं मीठ किती घालायचं, तेसुद्धा त्यांनीच सांगितलं. मुलाला सांग, भिंत जाड आहे."

उल्काने बॅटरी काढून खिशात टाकली, स्वयंपाकघर लाल रंगवलं आणि खाली लिहिलं, 'भिंत जाड. आवाज पोचत नाही.' काकूंचे डोळे भरून आले. त्या चहा टाकायला आत गेल्या.

उल्का ट्रायपॉड मिटत होती, तेवढ्यात आतून अप्पांचा आवाज आला.

"साखर बेताची घाल, शरयू."

उल्काने खिशात हात घातला. बॅटरी तिथेच होती.