गंगोत्रीतला होकार

गंगोत्रीच्या घाटावर साखळी धरून शालिनीताईंनी बुडी मारली. वर आल्या तर शेजारी भिजलेले भालचंद्रराव विचारत होते, "आपण लग्न करूया का?"

हरिद्वारपासून यात्रेच्या बसमध्ये दोघं शेजारी बसत होते. त्या विधवा, ते विधुर.

"हो हो हो," ताई म्हणाल्या. दात कडकड वाजत होते.

चहाच्या टपरीवर राव ओशाळून म्हणाले, "तुम्ही कुडकुडत होतात. ते उत्तर मी धरत नाही."

ताईंनी शाल लपेटून सावकाश दोन घोट घेतले. "आता नाही कुडकुडत. विचारा पुन्हा."

रावांनी तोंड उघडलं, पण शब्दांऐवजी हसूच फुटलं. मग ताईंनाही आवरेना. चहा सांडला, चष्मा घसरला, डोळ्यांत पाणी आलं आणि हसता हसताच ताईंनी मान डोलावली.